मोठ्या मापाच्या बांगड्या

“वैजू, ही बांगडी बाळाची आहे का हत्तीच्या पिल्लाची?”

माझ्या प्रश्नावर सगळी बालवाडी खिदळली. वैजू हसली नाही. तिनं माझ्या हातातली बांगडी काढून घेतली, वाकडा झालेला एक दाणा बोटानं सरळ केला आणि बांगडी मांडीवरच्या फडक्यात ठेवून दिली.

“उसव ती,” मी म्हणाले. “आणि बाळाच्या मापाची कर.”

तिनं मान हलवली. आडवी.

पाच वर्षांची पोर! माझ्या बालवाडीत मला ‘नाही’ म्हणायची छाती तोवर फक्त मदतनीस तानूबाईंची होती, आणि त्याही चहा गाळताना माझ्याकडे पाठ करून म्हणायच्या. ही तर माझ्या डोळ्याला डोळा देऊन बसली होती.

तासगावात मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला महिला मंडळाची एक लांबट खोली होती, तिथं ही बालवाडी भरायची. खिडकीतून बेदाण्याचा वास यायचा आणि दारातून टेम्पोंची धूळ. आता माझे गुडघे सतरंजीवर बसू देत नाहीत, पण तेव्हा मी मांडी घालून बसले की पोरं गपगार व्हायची. कुंभोजकरबाई कडक आहेत, असं गावात म्हणत. मी ते कधी खोडून काढलं नाही.

त्या वर्षी तानूबाईंना नातू झाला होता आणि संक्रांतीला त्याचं बोरन्हाण होतं. बाळाला काळं झबलं घालायचं, अंगावर हलव्याचे दागिने चढवायचे आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे ओतायचे. दागिने बाजारात तयार मिळतात. पण मी ठरवलं, दागिने आपली पोरं करतील. मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा, बांगड्या, सगळं.

“बाई, चार-पाच वर्साची लेकरं ही,” तानूबाई म्हणाल्या. “दोऱ्यात एक दाणा आन् पोटात धा जातील. माझ्या नातवाच्या अंगावर नुस्ता दोराच राहायचा.”

“राहू दे. पण करतील तीच.”

या वयातल्या पोरांना सगळे जण देतच असतात. कुणी खाऊ देतं, कुणी खेळणं देतं, कुणी धपाटा देतं. आपण कुणाला द्यावं हे त्यांच्या डोक्यातच येत नाही, आणि नुसतं ‘दुसऱ्याला द्यावं हो बाळ’ असं सांगून ते येतही नाही. देण्याआधी हाताला काही यावं लागतं, असं माझं मत होतं. अजूनही आहे.

हलव्याचा दाणा सुईनं ओवता येत नाही, फुटतो. काळ्या दोऱ्याची सरकती गाठ करायची, तिच्यात दाणा धरायचा आणि हळूच ओढायचं. असे दाणे बांधून झाले की तो सर काळ्या कापडाच्या पुठ्ठ्यावर गुंडाळून टाके घालायचे. टाके मी आणि तानूबाई घालणार होतो, गाठी पोरांच्या. दिवाळीनंतर आम्ही आधी चिंचोक्यांवर हात बसवला, मग हलवा आणला. नियम मी घालून दिले होते. दाणा खायचा तो काम आटोपल्यावर. गाठ मारली की दोनदा ओढून बघायची. आणि भेट म्हणजे गुपित, दिल्याशिवाय ती कुणाला सांगायची नाही, घरीसुद्धा नाही. हा शेवटचा नियम माझा फार लाडका. पोरांच्या हाती गुपित दिलं की ती लगेच चार बोटं उंच होतात.

मग एके दिवशी बाळालाच वर्गात आणलं. पोरांनी दोऱ्यानं त्याची मापं घेतली. माप जिथून सुरू होतं तिथं एक गाठ आणि जिथं संपतं तिथं दुसरी. डोक्याचं, गळ्याचं, कमरेचं. बांगड्या वैजूच्या वाट्याला आल्या होत्या. तिनं बाळाचं मनगट धरलं, दोरा फिरवला आणि जिभेचं टोक बाहेर काढून दोन गाठी मारल्या. माप अगदी बिनचूक. सगळे दोरे मी भिंतीवरच्या खिळ्यांना अडकवले होते, वैजूचाही तिथंच लोंबत होता. म्हणजे तिला माप कळत नव्हतं असं नाही, आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं होतं.

मी तो दोरा काढून तिच्या बांगडीशेजारी धरला. “हे बघ. एवढी हवी. तू केलीस केवढी?”

ती बांगडीचे दाणे चाचपत राहिली.

“बाळाच्या हातातून गळून पडेल ना गं ही?”

मान उभी हलली. कळत होतं म्हणजे!

“मग?”

मग काही नाही. शेरास सव्वाशेर भेटला होता आणि त्याला दोन वेण्या होत्या.

मी ती बांगडी स्वतःच्या हातात घालून पाहिली. बोटांच्या पेरांपाशीच अडली. तानूबाईंचा हात माझ्याहून बारीक, त्यांच्याही हातात जाईना. बाळाला मोठी आणि मोठ्याला लहान, अशी मधल्यामधे लटकलेली बांगडी ती, कुणाच्याच मापाची नाही. आता ही कुणासाठी म्हणायची?

“हट्ट हाय, दुसरं काय न्हाई,” तानूबाई म्हणाल्या. “द्या सोडून. बांगड्या म्या करते.”

“नाही. तिच्या आहेत, तीच करेल.”

वैजूचं घर मला ठाऊक होतं. तिचे वडील दिनकर जमदाडे द्राक्षांच्या पेट्या टेम्पोनं पोचवायचे. वैजू तीन वर्षांची असताना तिची आई गेली, कावीळ होऊन. तेव्हापासून दिनकरची थोरली बहीण भामाआत्या हिनं पोरीला सांभाळलं. आपलं कवठ्याचं घर, नवरा, सून सगळं सोडून ती दोन वर्षं येऊन-जाऊन भावाकडे राहिली. वैजू बालवाडीत आली तेव्हा बोलायचीच नाही. सतरंजीच्या कडेला बसून सतरंजीचे धागे उपसत राहायची. मी तिच्या हातात चिंचोके दिले तेव्हा कुठं ती सतरंजी वाचली. तेव्हापासून त्या पोरीचे हात बोलायला लागले होते आणि मला ते बंद पडू द्यायचे नव्हते.

तुळशीच्या लग्नानंतर दिनकरनं दुसरं लग्न केलं. बाईचं नाव अनुसया. तीही लहानपणी विधवा झालेली, म्हणजे आपल्याकडे ज्याला पाट म्हणतात तो लावला. ना मांडव, ना वाजंत्री, ना वरात. देवळात दोन हार आणि घरी भात-आमटी. अनुसया कधीमधी वैजूला सोडायला यायची. दाराबाहेर उभी राहायची, डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि पोर आत गेली की निघून जायची. वैजू तिला काहीच म्हणत नसे. आई नाही, काकी नाही, काहीच नाही.

संक्रांतीच्या आठवड्यात भामाआत्या आली आणि मला रस्त्यात गाठून म्हणाली, “बाई, सणानंतर पोरीला म्या घिऊन चालले कवठ्याला. तिथं साळंत घालीन.”

“का हो? इथं रुळलीय चांगली.”

“रुळलीया, पर घर कुटं ऱ्हायलंय? आज त्या बाईची कूस रिकामी हाय म्हनून गप हाय ती. उद्या तिला तिचं झालं की ही डोळ्यात सलणार. आन् ती तरी कुटं टिकतीया! दोन म्हैन्यात एक शबूद फुटला न्हाई तिच्या तोंडातून. पाटाची बाई, आज हाय, उद्या न्हाई. पोरीनं जीव लावायचा आन् हिनं जायचं, मंग? एकदा बघितलंय म्या या लेकराचं. पुन्यांदा न्हाई बघवायचं.”

तिचं म्हणणं अगदीच टाकाऊ होतं असं मला म्हणता येईना. दिनकर बहिणीपुढे ब्र काढत नसे. आणि अनुसया बोलणार तरी काय? ‘ठेवा पोरीला’ म्हणाली तर लोक म्हणणार देखावा करते, गप्प बसली तर म्हणणार बरंच झालं तिला. इकडे आड, तिकडे विहीर. मी मात्र मनाशी पक्कं केलं, ही पोर कवठ्याला जाणार नाही. कशी जाणार नाही, ते ठाऊक नव्हतं. पण मला आधी ठरवायची खोड आहे, कसं ते मग बघते.

वर्गात दागिने पुढे सरकत होते. तानूबाईंचं भाकीत निम्मं खरं ठरलं होतं. कमरपट्टा करणाऱ्या जुळ्या भावांनी इतका हलवा फस्त केला की तो कमरपट्टा हाराएवढाच झाला. पण गाठी मात्र पक्क्या होत्या. तानूबाई टाके घालता घालता त्यांची आवडती गोष्ट पुन्हा सांगत होत्या, हलवा आणल्या दिवसापासून पोरांनी ती कितीदा तरी ऐकली होती.

“माज्या पयल्या संक्रांतीला सासूनं मला अशीच मढीवली व्हती. काळं लुगडं, आन् डोस्क्यापासनं पायापतुर हलवा! मुंग्या लागल्या माज्या मागं.”

“तुम्ही काय बाळ होता?” जुळ्यांपैकी एकानं दर वेळेसारखं विचारलं.

“आरं, बाळालाच न्हवं, नव्या सुनंलाबी घालत्यात. घरात जे नवं आलंय त्येला घालायचं. हलवा अंगावर चढला की मानूस त्या घरचं झालं. मंग ते कुटं जात न्हाई, असं माजी सासू म्हनायची. बगा, गेले का म्या कुटं?”

पोरं हसली. वैजू हातातली गाठ दोनदा ओढून बघत होती. मी तिच्याकडे बघत होते ते वेगळ्याच कारणानं. तिनं दुसरी बांगडी करायला घेतली होती आणि तीसुद्धा पहिलीएवढीच मोठी.

मी रागावले. गोडीनं सांगितलं. बाळाला पुन्हा आणून दाखवलं. एकदा तर टाके घालायलाच नकार दिला. म्हटलं, मी नाही शिवणार असली बांगडी. तर या पोरीनं तानूबाईंच्या पुढ्यात जाऊन बसकण मारली आणि बांगडी त्यांच्या मांडीवर ठेवली. बोलणं नाही, रडणं नाही. तानूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे पाहिलं, आणि त्यांनी शिवून टाकली. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असं मी मनात म्हटलं. तो पीळ वैजूचा का माझा, हे मात्र तेव्हा सांगता आलं नसतं.

भोगीच्या दिवशी सकाळी दागिने एका ताटात मांडून ठेवले होते. सगळं होतं, फक्त बाळाच्या बांगड्या नव्हत्या. वैजूच्या दोन बांगड्या तिच्या मांडीवर, फडक्यात बांधलेल्या. मी तिला शेवटचं विचारायचं म्हणून तोंड उघडलं आणि दारातून भामाआत्या आत आली.

तिच्या हातात भाकरीचा चिमटा होता. चिमट्यात कडुलिंबाची पानं आणि त्या पानांत काहीतरी काळं. हात शरीरापासून जितका लांब धरता येईल तितका लांब धरलेला.

“बाई, पोरगी द्या माजी. आत्ताच्या आत्ता. दुपारच्या एष्टीनं जातुया आमी.”

“काय झालं, आत्याबाई? उद्या सण आहे.”

“सन? ह्ये बगा सन!” तिनं चिमटा माझ्या नाकासमोर आणला. “पोरीच्या उशीखाली घावला. काळा दोरा, गाठी मारल्याल्या. म्या म्हनलंच व्हतं, इतकी गप बाई सरळ असायची न्हाई. पोरीवर दोरा केलाय तिनं, दोरा!”

पोरं एकमेकांना चिकटली. तानूबाईंनी बाळाच्या मुकुटावर पदर टाकला, जणू त्यालाच काही होणार होतं. वैजू मात्र त्या चिमट्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसली की पोरांचं जे तोंड होतं, तसं झालं होतं.

“अनुसयाला विचारलंत?” मी म्हटलं.

“इचारलं की! म्हनती, मला ठावं न्हाई. ठावं न्हाई म्हनायला काय जातंय? दिनकर गेलाय सांगलीला पेट्या घिऊन. तो यायच्या आत पोरीला काढते घरातनं. मंग त्यानं ठरवावं, बाईल पायजे का लेक.”

मी हात पुढे केला आणि पानांतून तो दोरा उचलला.

“हात लावू नगा!” आत्या ओरडली.

पण मी तो दोन्ही हातांत ताणून धरला होता. आमच्याच रिळाचा दोरा, आणि त्याला गाठी दोन. एक या टोकाला, एक त्या टोकाला. मधे सगळा दोरा साफ. अशा गाठी मी महिनाभर भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेल्या बघत होते.

“वैजू,” मी म्हटलं, “ते फडकं सोड.”

तिनं सोडलं. मी दोरा बांगडीभोवती फिरवला. गाठीला गाठ येऊन भिडली.

 आत्यानं चिमटा खाली घेतला, पण सोडला नाही.

“हा करणीचा दोरा नाही, आत्याबाई. हे माप आहे. हिनंच घेतलंय.” मी वैजूपुढे खाली बसले. “कुणाचं माप आहे हे?”

वैजूनं ओठ घट्ट मिटले.

“सांग की गं!” आत्या म्हणाली. “कुनी दिला तुला? तिनं दिला ना?”

वैजूचे डोळे भरले. पण ओठ तसेच. मग माझ्याकडे बघून, महिन्याभरात पहिल्यांदाच, ती एक अख्खं वाक्य बोलली.

“गुपित हाय. द्यायच्या आधी सांगायचं न्हाई, आसं तुमीच सांगितलंया.”

मला हसू आलं. आत्ता आत्यानं दरडावलं, आधी मी रागावले होते, आणि या पोरीनं माझाच नियम धरून दोघींपुढे तोंड मिटलं होतं. अहो, मोठी माणसं शपथा मोडतात. पण आता नियम मोड असं मी कोणत्या तोंडानं सांगणार होते?

“बरोबर आहे तुझं,” मी उठले. “सांगू नकोस. देऊनच टाक. चल, आत्ता.”

“बाई, माझी एष्टी—” आत्या म्हणाली.

“एसटी येईल आणि जाईल. तुम्ही आरोप केलाय, तर निकाल बघूनच जायचं. चला.”

जुळे भाऊ आणि बाकीची पोरं शेजारच्या शिवणवर्गातल्या बाईंच्या हवाली करून आम्ही निघालो. पुढे वैजू, दोन्ही हातांत फडकं धरून, पाणी सांडू नये तशी जपून चाललेली. तिच्यामागे मी. माझ्यामागे आत्या, चिमट्यासकट. आणि सगळ्यांत मागे तानूबाई, कारण असल्या वेळी त्यांना मागं ठेवणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं.

जमदाड्यांचं घर दोन खोल्यांचं. अनुसया चुलीपुढे बसून भोगीच्या भाकऱ्या थापत होती, बाजरीच्या, तीळ लावलेल्या. डोळे सुजलेले होते. तिची पत्र्याची पेटी दाराजवळ आणून ठेवली होती. म्हणजे पोर जायच्या आधी हीच निघाली होती. सणाचं रांधून, दिनकरचं ताट झाकून मग जायचं, असा बेत दिसत होता. आम्हाला पाहून ती पिठाच्या हातांनीच उठून उभी राहिली.

“वन्सं, देवाशपथ मला ठावं न्हाई त्यो दोरा कसला ते,” ती म्हणाली. “पर माज्यापायी लेकराला हलवू नगा. तिचं घर हाय ह्ये. म्या जाती.”

दोन महिन्यांत मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

वैजू सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. फडकं जमिनीवर ठेवलं, सोडलं आणि एक बांगडी उचलली.

“हात,” ती म्हणाली.

अनुसयेला काही कळेना. वैजूनं स्वतःच तिचा उजवा हात धरून खाली ओढला. पिठानं माखलेला हात, त्यात एक काचेची बांगडीसुद्धा नव्हती. असलेली काढून पेटीत टाकली असावी. वैजू हलव्याची बांगडी तिच्या बोटांवर चढवायला लागली.

बांगडी पेरांपाशी अडली.

वैजूनं जरा जोर दिला. एक दाणा निखळून पडला. ती थांबली. फिरवून बघितलं, दुसऱ्या बाजूनं घालून बघितलं. जाईना. पोरीनं माप मनगटाचं घेतलं होतं, बाळाचं घेतलं होतं तसंच. बाळाची बोटं लोण्यासारखी, ती मनगटाएवढ्या बांगडीतूनही निसटतात. पण बांगडी मनगटावर बसायची असली तरी आधी पंजातून जावी लागते, हे पाच वर्षांच्या जिवाला कोण सांगणार? मी सांगितलं नव्हतं.

“मागल्या म्हैन्यात एकदा दुपारच्याला डोळा लागला व्हता,” अनुसया पुटपुटली. “मनगटाला कायतरी हुळहुळलं. मला वाटलं मुंगी हाय.”

वैजूच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. महिनाभर माझ्याशी झुंजताना जी डगमगली नाही, ती आता बांगडीकडे बघत रडकुंडीला आली होती. “व्हतीया,” ती म्हणाली. “माप घेतलंया. व्हतीया.” आणि पुन्हा रेटायला लागली.

मी पुढे होणार तोच भामाआत्या मधे आली.

“थांब. मोडशील.”

तिनं चिमटा चुलीशेजारी ठेवला आणि वैजूच्या हातातून बांगडी घेतली. उजेडाला धरून नीट पाहिली. गाठी पाहिल्या. एकेका दाण्याला काळ्या दोऱ्याची बारीक, घट्ट गाठ. तिचा अंगठा त्या गाठींवरून फिरत राहिला.

“ह्ये समदं तू केलंस?”

वैजूनं मान हलवली.

“हिच्यासाठी?”

“तानूबाई म्हनल्या, घरात नवीन आलेल्याला घालत्यात,” वैजू म्हणाली. आता गुपित देऊन झालं होतं, तिचं तोंड मोकळं झालं होतं. “हलवा घातला की मानूस मंग जात न्हाई. आमच्या घरात ही नवीन हाय. हिला कुनी घातलाच न्हाई. आन् तू लग्नातच म्हनली व्हतीस, ही टिकायची न्हाई.”

तानूबाईंनी पदराचा बोळा तोंडाला लावला. मी जमिनीवरचा तो निखळलेला दाणा उचलून उगीच हातात धरून उभी राहिले. 

 आत्यानं अंबाड्यातला आकडा काढला आणि त्याच्या टोकानं बांगडीच्या जोडावरचे टाके उसवले. बांगडी पट्टीसारखी उघडी झाली. तिनं ती अनुसयेच्या मनगटाभोवती गुंडाळली. टोकाला टोक बरोबर भिडलं. माप चुकलं नव्हतं.

“दोरा,” आत्यानं माझ्यापुढे हात पसरला.

“कोणता?”

“त्योच. काळा. तुमच्या मुठीत हाय न्हवं?”

मी दिला. ज्याला हात लावायला तयार नव्हती तो दोरा तिनं आकड्यानं पुठ्ठ्यातून ओवला, अनुसयेच्या मनगटावर आवळला आणि गाठ मारली. वैजूनं लगेच मान पुढे घातली आणि ती गाठ दोनदा ओढून पाहिली. आत्याची गाठ म्हणून सोडली नाही.

“पक्की हाय,” वैजू म्हणाली आणि मग मान वर करून अनुसयेला बजावलं, “आता तुला जाता येत न्हाई.”

अनुसया खाली बसली. पिठाचा हात तिनं पोरीच्या पाठीवर ठेवला. फ्रॉकवर पाचही बोटं उमटली.

“कुटं जाती म्या?” ती म्हणाली. “तव्यावर भाकरी हाय माजी.”

“आन् माझ्या नातवाच्या हाताला काय?” तानूबाई डोळे पुसत म्हणाल्या. त्यांना राहवेना.

“उद्या सकाळी करती,” वैजू म्हणाली. “बारक्या हायत्या, लगीच हुत्यात.”

वेशीकडे कवठ्याच्या गाडीचा हॉर्न वाजला. तो सगळ्यांना ऐकू गेला. भामाआत्यानं दारातली पत्र्याची पेटी पायानं आत सरकवली, अनुसयेला खांद्याला धरून चुलीपासून बाजूला केलं आणि स्वतः तिथं बसली. चिमटा उचलला आणि करपायला आलेली भाकरी उलटली.

“सर तिकडं,” ती अनुसयेकडे न बघताच म्हणाली. “दुसऱ्या हातातबी घालून घे. आन् पान्यात हात घालू नगंस आता. साखर हाय ती.”